कड्या-कोयंडे : ठीक

एजंटबाईंनी पेनचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "इथे सही करा काकू, की घर तुमचं." एवढंच झालं. त्यात दचकण्यासारखं काही नव्हतं. पण त्यांच्या अंगठ्याच्या जरा वर, यादीच्या सोळाव्या ओळीत मला 'कड्या-कोयंडे' असं दिसलं आणि त्यापुढच्या रकान्यात आधीच छापून ठेवलेलं 'ठीक'. पेन बोटांतून निसटलं आणि फरशीवर टकटक वाजत भिंतीपर्यंत घरंगळत गेलं. रिकाम्या घरात पेन पडल्याचाही केवढा आवाज होतो. खिडकीशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेल्या ह्यांनी मान वळवून बघितलं आणि पुन्हा काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवली. त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी होती. तिच्यात तेलाची कुपी आणि स्क्रू-ड्रायव्हर. सामान बांधताना लेक म्हणाली होती, "बाबा, द्या की ती पिशवी ट्रकमध्ये." हे म्हणाले होते, "असू दे. ती काही जड नाही."

हे घर लेकीनेच शोधलेलं. आमच्या जुन्या घराला तीन जिने होते आणि गेल्या वर्षी पडल्यापासून ह्यांच्या गुडघ्यांना एकही जिना झेपत नव्हता. हे तळमजल्यावरचं, दोन खोल्या, स्वयंपाकघर, खिडकीबाहेर एक झाड. जुन्या घराची किल्ली सकाळीच देऊन टाकलेली. आमचा सगळा संसार भरलेला ट्रक बाहेर रस्त्यावर उभा होता आणि लेक ट्रकवाल्याशी हुज्जत घालत होती. तिचा चढा आवाज मधूनमधून आत येत होता. सव्वाअकरा वाजले होते. बारा वाजता दुसरं एक कुटुंब घर बघायला यायचं होतं, हे एजंटबाईंनी आल्या आल्या सांगितलं होतं आणि मग दर पाच मिनिटांनी घड्याळाकडे बघून न बोलताही सांगत होत्या. "यादीत लिहिलंय ते शेवटचं," त्या म्हणाल्या होत्या. "दाराखिडक्यांच्या सामानाला मालकांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि खरं सांगू का काकू, मालक जरा कडक आहेत. मागच्या लोकांनी यादीत चार तक्रारी लिहिल्या, तर त्यांना घरच दिलं नाही. म्हणाले, राहायच्या आधी एवढं, तर राहिल्यावर काय?"

मी पेन उचललं. पण कागदाकडे गेले नाही. "मी एकदा बघून घेते," म्हणाले. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"बघा की. मी सगळं बघूनच लिहिलंय तसं." त्यांनी हसून फोनमध्ये मान घातली.

मी एकतीस वर्षं शर्टांच्या कारखान्यांत तपासनीस होते. लांब टेबलं, वर पांढरे दिवे, आणि दर दीड मिनिटाला समोर येणारा एक शर्ट. कॉलर, खांदे, बगला, बाह्या, शेवटी बटणं. बटण नुसतं बघायचं नसतं. आमच्या मुख्य बाई म्हणायच्या, "डोळे फसतात, बोटं फसत नाहीत. मोकळं बटण काय, कुठलंही शहाण्यासारखंच दिसतं. काजात घाला आणि मग ओढा." लाखो बटणं मी अशी काजात घालून ओढली. त्या बोटांना इतकी सवय लागली की लग्नाला, बारशाला गेले तरी समोर उभ्या माणसाच्या बाहीचं बटण मी नकळत चाचपून बघायची. सासूबाई मला पोरी म्हणायच्या. "पोरी, कारखान्यातून घरी यायचं तर बोटं तिथे ठेवून यायची," म्हणायच्या. आणि स्वतःच्या झंपरचं हूक निखळलं की गुपचूप माझ्याच हातात आणून द्यायच्या. लोकांना वाटायचं आमच्यात बेबनाव असेल, कारण आम्ही दिवसभर एकमेकींना टोमणे मारायचो. तसं नव्हतं. तो आमचा बोलायचा सूर होता. अजूनही एखादं भांडं जागचं हललेलं दिसलं की माझ्या तोंडात त्यांच्यासाठीचा टोमणा तयार होतो आणि मग तो कुणाला द्यावा कळत नाही.

तर मी घर बघायला लागले. स्वयंपाकघरातला नळ सोडला, बंद केला. ओट्याखालचं कपाट उघडलं, त्याच्या बिजागरीत जुन्या रंगाचा पोपडा अडकला होता. खिडक्या लावल्या, उघडल्या. एजंटबाई मागे मागे फिरत होत्या. "काकू, भाड्याने घर घेताय की दागिना पारखताय?" त्यांनी विचारलं. वाईट हेतूने नव्हे. तेवढ्यात लेक धापा टाकत आत आली. "झाली का सही? तो माणूस म्हणतोय, अर्ध्या तासात सामान उतरवलं नाही तर निघून जाईन." मग माझा हात खिडकीच्या कडीवर बघून तिने कपाळावर हात मारला. "आई! तू सुतावरून स्वर्ग गाठू नकोस हं आता." एजंटबाई तिला म्हणाल्या, "तुमच्या आई ताकही फुंकून पिणाऱ्यातल्या दिसतात." "अहो, आमच्या घरात कुणाचं तोंड दुधाने पोळलेलं मला तरी आठवत नाही," लेक हसून म्हणाली आणि परत बाहेर पळाली. तिला आठवणार कसं? तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. आणि ज्यांना आठवतं त्यांनी या विषयावर तोंड उघडलेलं नाही, याला आता सेहेचाळीस वर्षं झाली.

कारण सगळ्या आयुष्यात मी एकदाच न ओढता सही केली होती. तेव्हाचं घरही असंच, भाड्याचं, दोन खोल्यांचं. ह्यांची बदली झालेली, आम्ही तिघं नवीन गावात. त्या दिवशी हे कामावर रुजू व्हायला गेले होते, म्हणून घर ताब्यात घ्यायला मी आणि सासूबाई दोघीच. घरमालकीणबाई वरच राहायच्या. त्यांनी शाळेच्या वहीचा एक कागद आणला, त्यावर सुबक अक्षरात यादी: दिवे चार, नळ तीन, आरसा एक, कड्या-कोयंडे. प्रत्येकापुढे 'ठीक'. "बघून घ्या हो नीट," त्या म्हणाल्या, आणि बाथरूमच्या दाराला पाठ टेकून उभ्या राहिल्या. त्याआधी त्यांनी आम्हाला चहा दिला होता, चांगल्या कपांतून, आणि सासूबाईंच्या पाठीशी उशी ठेवली होती. माझी बोटं शिवशिवत होती. पण त्या बाईंना बाजूला व्हा म्हणायचं, दार लावायचं, त्यांच्या देखत कडी खटाखट ओढून बघायची, म्हणजे तुमच्या शब्दावर माझा विश्वास नाही असं तोंडावर सांगणं. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या माझ्या कानाशी पुटपुटल्या, "पोरी, ज्यांचा चहा प्यायलो त्यांच्या कड्या ओढायच्या नसतात. कर सही." मी केली. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. आमच्या घरात ती त्याहून जवळची नातलग निघाली.

पहिले चार दिवस आम्ही कुणी ती कडी लावलीच नाही, असं मी धरून चालले होते. दार घट्ट बसायचं, नुसतं ओढून घेतलं की पुरायचं, आणि घरात तिघंच. पाचव्या दिवशी हे कामावर, मी नव्याच कारखान्यात. सासूबाई घरात एकट्या होत्या, आणि एकटी बाई दाराला कडी लावतेच. संध्याकाळी पावणेसहाला मी परतले तर घरात दिवा नाही, स्टोव्ह गार. मी हाक मारली. उत्तर आलं नाही, पण कुठून तरी टक, टक असा आवाज येत होता. एखाद्या नळाचं पाणी डब्यात पडावं तसा. मी नळ बघायला गेले. तो त्यांच्या नखाचा आवाज होता, दारावरचा. हे माझ्या मागोमागच आले आणि त्यांनी खांद्याने दार फोडलं. सासूबाई उलट्या घातलेल्या बादलीवर बसल्या होत्या. सकाळी दहापासून. उजव्या हाताच्या दोन बोटांची नखं मुळापासून उचकटली होती. हे शेजारी डॉक्टरांना बोलवायला धावले तेव्हा मी त्या बोटांना चिंधी गुंडाळत होते, आणि त्या मला म्हणत होत्या, "कुणाला सांगू नको हं, मी मोरीत अडकले म्हणून. हसतील लोक." मी त्यांना टोमणा मारायचा प्रयत्न केला, कारण आमचा तोच सूर होता, पण मला काही सुचलं नाही. अकराव्या दिवशी त्या गेल्या. डॉक्टरांनी हृदय लिहिलं. तो यादीचा कागद, माझ्या सहीचा, मी कारखान्यात नेला आणि बारीक बारीक फाडून दोऱ्यांच्या कचऱ्याच्या पोत्यात टाकला. त्यावर दिवसभर रंगीत दोरे पडत राहिले.

त्यानंतर हे दर रविवारी तेलाची कुपी घेऊन घरभर फिरायला लागले. प्रत्येक कडी, प्रत्येक बिजागरी. थेंब टाकायचा, पुढेमागे करायचं, फडक्याने पुसायचं. आम्ही पाच घरं बदलली, लेक झाली, तिचं लग्न झालं; एकही रविवार चुकला नाही. लेक लहानपणी चेष्टा करायची, "बाबा, दारांना अंघोळ घालून झाली का?" हे हसायचे. मी हसायची नाही. मला वाटायचं, ह्यांना माहीत आहे. वरच्या बाईंनी सांगितलं असणार की तुमच्या बायकोने सगळं बघून सही केली होती. आणि हा माणूस मला शब्दाने काही बोलणार नाही, पण दर रविवारी सकाळी, मी भाजी चिरत बसलेली असताना, माझ्यासमोर एकेका कडीला तेल घालून मला आठवण करून देणार. ती कुपी दाबल्यावर टुक् असा आवाज करते. तो आवाज आला की माझी मान आपोआप खाली जायची. कितीदा वाटलं, सुरी ठेवावी आणि सांगून टाकावं. पण पहिल्या वर्षी सांगितलं नाही, मग दहाव्या वर्षी काय म्हणून सांगायचं, आणि तिसाव्या वर्षी तर त्या सांगण्याचंच ओझं मूळ गुन्ह्याहून जड झालं. गेल्या वर्षीपासून त्यांना वाकता येत नाही. कुपी पिशवीत पडून आहे. खरं तर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

"झालं का काकू?" एजंटबाईंनी विचारलं. मी बाथरूमच्या दारात उभी होते. आत नवा रंग, जुनी फरशी. दाराला आतून कडी, सरकती, जाड दांड्याची. त्यांनी माझी नजर ओळखली, हात लांब करून ती दोनदा पुढेमागे केली. "बघा, लोण्यासारखी सरकते." दार उघडं होतं. उघड्या दाराची कडी सरकणारच. मोकळं बटण शहाण्यासारखंच दिसतं. मी रोज सकाळी तासभर बाहेर जाते, भाजी, दूध, औषधं. तेव्हा हे अंघोळ करतात. घरात दुसरं कुणी नाही म्हणून कडी लावतात. त्यांच्या हातात आता बरणीचं झाकण फिरवण्याइतकाही जोर नाही. हे सगळं माझ्या डोक्यात ओळीने आलं, आणि समोर एजंटबाई होत्या, बाहेर ट्रक होता, घड्याळात अकरा चाळीस. मला पुन्हा तीच शिवशिव झाली आणि तीच लाजही. वाटलं, राहू दे. नंतर बघू. मग मी आत गेले आणि दार लावून घेतलं.

दार आपल्या जागी बसताना थोडं घासलं. मी कडी सरकवली. ती गेली, पण शेवटच्या बोटभर अंतरात कुरकुरत गेली. मी परत ओढली. हलली नाही. पुन्हा ओढली. दोन्ही हातांनी ओढली. दांडा चौकटीतल्या भोकात असा रुतला होता जणू तो तिथेच उगवला आहे. वर काचेची एक झरोक्याएवढी खिडकी, तिच्यातून दुधी उजेड. नव्या रंगाचा वास नाकात चढला. मी हाक मारली असती तर तीन पावलांवर माणसं होती. हे मला कळत होतं, आणि तरी मी हाक मारली नाही. पहिला विचार काय यावा माझ्या मनात? एजंटबाई हसतील. मी, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, कडी ओढून बघायला आत गेले आणि अडकले, हसतील. त्या क्षणी मला सासूबाई पूर्ण कळल्या. वर मालकीणबाई होत्या, रस्त्यावर माणसं होती, आणि ही बाई सकाळी दहापासून मोठ्याने ओरडली नसणार. तिने आधी स्वतःच्या बोटांनी प्रयत्न केला असणार. मग थोडा वेळ थांबून पुन्हा. मग नखाने टक, टक, कुणाला त्रास होणार नाही इतपत. माझं बोट कडीच्या कडेला घासून सोललं होतं. रक्ताचा एक थेंब आला होता. बाहेर एजंटबाई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "हो, बाराला या तुम्ही, इकडचं अजून नक्की नाही." मी नख दारावर टेकवलं. वाजवलं नाही.

"अहो," मी म्हणाले. मग मोठ्याने, "अहो!"

खुर्ची सरकली. काठी वाजली, थांबली, वाजली. ह्यांना बारा पावलं चालायला किती वेळ लागतो हे मला अचूक माहीत आहे. दारापाशी येऊन ते थांबले. "अडकली?" त्यांनी विचारलं.

"हो."

"घाबरू नको. ओढू नकोस नुसती. आधी दार अंगाकडे ओढून धर. घट्ट. धरलंस? आता हँडलला धरून दार थोडं वर उचल. उचललेलंच ठेव, आणि मग कडी काढ."

मी दार अंगाकडे ओढलं, वर उचललं. कडी एका बोटाने निघाली. लोण्यासारखी.

दार उघडलं तर हे समोर काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. चेहरा उतरलेला. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "तिथलीही अशीच होती. दार खाली उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी मी आत अडकलो होतो, पाच-सात मिनिटं. मग जमलं. म्हटलं, रविवारी बघू. तेल घालू, दार जरा वर घेऊ. तुम्हा दोघींना सांगायचं राहिलं." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "राहिलं नाही. लाज वाटली. मोठा माणूस बाथरूममध्ये अडकला, काय सांगायचं? आई वर्षभर तेच बोलत बसली असती. आईचं ते शुक्रवारी झालं. रविवार दोनच दिवसांवर होता."

मी दाराची चौकट धरली. सेहेचाळीस वर्षांतले रविवार मोजता येत नाहीत, पण टुक्, टुक् असा तो आवाज एकदम सगळा कानात आला, आणि पहिल्यांदाच तो माझ्याशी बोलत नव्हता. "मी सही केली होती," मी म्हणाले. "न बघता. सगळं ठीक म्हणून."

"माहीत आहे मला. वरच्या बाईंनी सांगितलं होतं, तेराव्यालाच."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"मी काय बोलणार तुला?" हे म्हणाले. "तू बघितली नव्हतीस, एवढंच. मी बघितली होती."

एजंटबाई फोन खाली करून आमच्याकडे आल्या. "उघडली ना? मग झालं तर! जुन्या दारांना अशी एक खुबी असतेच. आता काकांना माहीत आहे, तुम्हालाही कळलं." मी त्यांच्या हातातली यादी घेतली, भिंतीवर टेकवली आणि सोळाव्या ओळीतलं 'ठीक' खोडलं. रेघ वाकडी आली. त्याच्या पुढे लिहिलं: बाथरूमची आतली कडी अडकते, माणूस आत अडकतो, काढून टाकावी. "काकू," एजंटबाईंचा आवाज बदलला, "हे असं लिहिलंत तर मी मालकांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. ते नाही म्हणाले तर माझा इलाज नाही. बघा, ट्रक उभा आहे तुमचा." "दाखवा," मी म्हणाले. "नाही म्हणाले तर ट्रकमध्ये बसू." ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली, जणू ट्रकमध्ये बसायची आम्हाला दोघांना जुनी सवय होती.

त्यांनी फोन लावला, स्पीकरवर. मालकांचा जाडसर आवाज आला. एजंटबाईंनी चाचरत सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "ती कडी होय? अहो, काढून टाका की. माझी बहीण अडकली होती त्यात दोनदा. आम्हाला काढायची होतीच, राहून गेलं." आणि फोन ठेवला. एवढंच. अर्धं मिनिटही लागलं नाही. मला हसू आलं आणि ते घशातच राहिलं. कारण तेव्हाच्या त्या वर राहणाऱ्या मालकीणबाईही कदाचित असंच म्हणाल्या असत्या, काढून टाका की, आणि सासूबाईंना आणखी एक कप चहा दिला असता.

हे भिंतीला टेकून उभे राहिले आणि पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला. मी खालून त्यांचं मनगट धरलं. चार स्क्रू. एकेक निघाला की ते तो माझ्या तळहातावर ठेवायचे. शेवटी कडी हातात आली, हाताला जड लागावी अशी, पण लहानशीच. दारावर चार भोकं आणि कडीच्या आकाराचा एक जुना पट्टा राहिला, जिथे नवा रंग पोचला नव्हता. "ती घरातच ठेवा हं," एजंटबाई म्हणाल्या, आता बऱ्याच नरम झाल्या होत्या. "सोडताना यादीप्रमाणे परत द्यावी लागेल." म्हणून मी लिहिलं: काढलेली कडी एक, स्क्रू चार, भाडेकरूंकडे. हे म्हणाले, "खाली माझंही नाव घाल." लेक दारातून आत डोकावली, आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघून थबकली. "काय झालं? भांडलात की काय?" "नाही गं," मी म्हणाले. "ट्रकवाल्याला सांग, दहा मिनिटं."

एजंटबाईंनी पेन पुढे केलं. "आता तरी करायची ना सही?"

मी पेन घेतलं, पण हे तोवर काठी टेकत पुढच्या खोलीकडे निघाले होते. खोलीला एक दार होतं, संडासाला एक. ते पहिल्या दाराशी थांबले, पिशवीतून तेलाची कुपी काढून मुठीत धरली आणि मागे वळून म्हणाले, "अजून दोन राहिलीत. तू आत जा. मी बाहेर उभा आहे."